आय, डॅनियल ब्लेक: रडू येतं, पण त्याहून जास्त राग येतो

काल रात्री हा पिक्चर परत बघितला आणि परत तेच झालं, फूड बँकेच्या (गरजूंना फुकट खाण्याचं सामान देतात ती जागा) सीनला पॉज करून थोडा वेळ नुसतं बसून राहावं लागलं. 2016 चा आहे, डिरेक्टर केन लोच. फ्रान्सच्या कान फिल्म फेस्टिवलमध्ये त्या वर्षीचं सगळ्यात मोठं अवॉर्ड मिळालंय, पण अवॉर्डवाला पिक्चर म्हणून बाजूला ठेवू नका प्लीज, शंभर मिनिटांचा आहे आणि साधी माणसं साधं बोलतात.

सुरुवातीला पडदा काळाच, फक्त आवाज. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचा 59 वर्षांचा सुतार डॅनियल, हार्ट अटॅक येऊन गेलाय, डॉक्टरांनी काम करू नका म्हणून सांगितलंय. आजारपणाचा सरकारी भत्ता द्यायचा की नाही ते ठरवायला एक बाई फॉर्ममधले प्रश्न विचारतेय, हात वर करता येतो का, डोक्यावर टोपी घालता येते का, आणि हा परत परत सांगतोय की हातापायाला काही झालेलं नाही, हृदयाचं विचारा ना. 15 पॉइंट लागतात, याला 12 मिळतात. म्हणजे कागदावर हा माणूस कामाला फिट!

आता पोट भरायचं तर बेरोजगारांचा भत्ता घ्या, आणि त्यासाठी आठवड्याला 35 तास नोकरी शोधल्याचं दाखवा. मग तो खरंच दारोदार फिरतो, आणि एक जण काम द्यायला तयार होतो तेव्हा याला नाही म्हणावं लागतं, कारण डॉक्टरांची परवानगी नाही. समोरच्याला वाटतं फुकट खायची सवय लागलेला माणूस आहे. डॅनियलचा चेहरा तेव्हा बघा. डॅनियल झालेला डेव्ह जॉन्स मुळात स्टँडअप कॉमेडियन आहे, म्हणून की काय, कुठेच दीनवाणा होत नाही, चिडतो, टोमणे मारतो आणि मग एकदम गप्प होतो.

आणि त्याला भत्त्याच्या ऑफिसात भेटलेली एकटी आई, केटी, तिचं तर विचारूच नका. दोन मुलं घेऊन लंडनच्या बेघरांच्या हॉस्टेलमध्ये एका खोलीत दोन वर्षं काढली, लंडनमध्ये घर मिळत नाही म्हणून साधारण साडेचारशे किलोमीटर लांब न्यूकॅसलला पाठवून दिली, जिथे तिचं ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. नवीन शहर, चुकीची बस, त्या ऑफिसला पोचायला थोडा उशीर, झालं, भत्ता कापला. बेघर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर फुटपाथ येतो, इथे डोक्यावर छप्पर आहे पण हीटर चालवायला पैसे नाहीत आणि आई मुलांना वाढून स्वतः उपाशी झोपते. त्या फूड बँकेत ती तिथेच उभ्याउभ्या डबा फोडून हाताने खायला लागते आणि मग स्वतःचीच लाज वाटून रडते... केटी झालेल्या हेली स्क्वायर्सने हे कसं केलं असेल कळत नाही. लोच गोष्टीच्या क्रमानेच शूट करतो आणि नटांना सगळी स्क्रिप्ट आधी देत नाही, त्याचा परिणाम असणारच.

मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे की यात व्हिलन असा कोणी नाहीये. सगळे नियमाने वागतात, बरेचसे नम्रपणे. ऑफिसातली एक बाई डॅनियलला कॉम्प्युटरवर फॉर्म भरायला मदत करते, त्याला माउस कसा धरायचा तेही माहीत नाही, तर तिलाच साहेबांकडून बोलणी बसतात! का, तर उद्या सगळेच मदत मागतील.

एक तक्रार आहे. केटी पुढे ज्या मार्गाला लागते ते फार घाईत उरकलंय, दोन-तीन सीन अजून हवे होते. बाकी ऑफिसातली माणसं एकसुरी वाटतात असं एक मैत्रीण म्हणाली, मला नाही पटलं, रांगेत उभं राहिलेल्याला ती तशीच दिसतात.

याच लोचने 1966 मध्ये बीबीसीसाठी घर गमावलेल्या कुटुंबावर फिल्म केली होती, आणि पन्नास वर्षांनी वयाच्या ऐंशीला त्याला हा पिक्चर काढावा लागला.

सबटायटल लावूनच बघा, तिकडचे उच्चार झेपत नाहीत. शेवट सांगत नाही, फक्त केटी एक कागद वाचते तेव्हा नीट ऐका. तो पेन्सिलने लिहिलेला आहे, सुताराच्या हाताचा.