प्रिंटर बेस्ट, स्कॅनर त्याहून बेस्ट, लेबलात मात्र फसलो

आमचं चादरी-टॉवेलचं होलसेल आहे. गोडाऊन सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत, वर पत्रा. दिवाळीआधी बारकोडचा प्रिंटर आणि हातात धरायचा स्कॅनर घेतला. तोवर सगळं वहीत. गर्दीत ३० बाय ६० चा टॉवेल २७ बाय ५४ च्या भावानं जायचा आणि ते कळायचं महिनाअखेरीला.

स्कॅनरला पाचपैकी पाच. लेबल चुरगळलेलं असो, वाकडं धरलेलं असो, टुक् करून वाचतो. एकदाच गप्प बसला, तेही भाच्याच्या हौसेपायी. पठ्ठ्यानं प्रेसमधून पांढऱ्यावर लाल रेघांची लेबलं छापून आणली. स्कॅनरचा उजेडच लाल, त्यात लाल रेघ पांढऱ्यासारखीच दिसते. रेघा काळ्या बऱ्या.

तक्रार आहे ती लेबलांची. दुकानदार म्हणाला, "हा थर्मल रोल घ्या, रिबनचा, म्हणजे शाईच्या पट्टीचा, खर्च नाही." घेतला. चादर आम्ही चेनच्या पीव्हीसी पिशवीत घालतो आणि लेबल पिशवीवरच चिकटवतो. एप्रिल येईपर्यंत निम्म्या रेघा पुसट. पत्र्याला लागून रचलेल्या गठ्ठ्यांची लेबलं तर काळपट पडली. कामगार म्हणाला, "मालक, हे वाचतंय कुठं?"

नंतर उलगडा झाला. थर्मल कागदावर शाई नसतेच, उष्णतेनं कागदच काळा होतो. मग पत्र्याखालचा सोलापूरचा उन्हाळा त्याला सोडतोय होय! शिवाय पीव्हीसी मऊ राहायला जे रसायन घालतात, ते कागदात उतरून छपाई खातं. आता वॅक्स-रेझिन रिबन वापरतो, म्हणजे मेणात रेझिन मिसळलेली. नुसतं वॅक्स घासलं की निघतं. आमच्या प्रिंटरवर रिबन चढते म्हणून वाचलो. सगळ्यांवर चढत नाही, घेतानाच विचारा.

आपल्या दुकानापुरता बारकोडचा नंबर कुठलाही चालतो, पण मॉलला माल द्यायचा तर जीएस१ या नंबर देणाऱ्या संस्थेकडून घ्यावा लागतो. तो ८९० नं सुरू होतो. परवा एक काकू तो आकडा बघून म्हणाल्या, "म्हणजे चादर अस्सल सोलापुरी ना?" नाही हो काकू. ८९० म्हणजे नंबर जीएस१ इंडियाकडून घेतलाय, एवढंच. माल कुठं विणला ते त्यात नसतं, नकली चादरीवरही ८९० असू शकतो. काकूंनी शेवटी पदर धरावा तशी चादर चिमटीत धरून वीण बघितली आणि दोन नग घेतले.

वरच्या रांगेतले दोन गठ्ठे अजून जुन्या लेबलांचेच आहेत. रविवारी बसायचंय.