कंपनी उठली, वॉरंटीचं काय? बीएफजी, ओसीझेड आणि ईव्हीजीए शेजारी ठेवून

समजा तुमच्यापुढे दोन ग्राफिक्स कार्डं आहेत, संगणकात बसवून पडद्यावर चित्र उमटवणारी. चिप तीच, मेमरी तितकीच. एका खोक्यावर ठळक अक्षरात दहा वर्षांची वॉरंटी, पण कंपनी लहान आणि फक्त कार्डंच विकणारी. दुसऱ्यावर तीन वर्षं, कंपनी जुनी, चार धंद्यांत पाय रोवलेली, किंमत दोनेक हजारांनी जास्त. हात आपसूक दहाकडे जातो. माझाही असाच गेला होता, संगणकाला वीज पुरवणारा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, घेताना. पाच वर्षांची वॉरंटी होती, तिसऱ्या पावसाळ्यात तो गेला. खोकं, बिल, सगळं घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने सिरियल नंबरचं स्टिकर उलटूनसुद्धा पाहिलं नाही. "साहेब, कंपनीच उठली," म्हणाला आणि काउंटरवरून तो डबा माझ्याकडे सरकवला.

तेव्हापासून वॉरंटीकडे मी उधारी म्हणून बघतो. कंपनी तुमचं देणं लागते आणि ते पुढच्या काही वर्षांत, गरज पडली तरच, फेडणार असते. दिवाळं निघालं की ज्या बँकेकडे तारण आहे ती आधी हात मारते, तुमच्यासारखे कागद धरून बसलेले शेवटी. म्हणून खोक्यावरचा आकडा बघण्याआधी, कंपनी उठलीच तर ती कशी उठेल, ते बघावं. उठण्याचे तीन नमुने आहेत आणि तिन्ही अमेरिकी कंपन्यांचे आहेत.

पहिली बीएफजी. इलिनॉयमधली ही कंपनी एनव्हिडिया या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या चिपवर कार्डं बनवायची आणि अमेरिकेत तिची खरी ओळख होती लाइफटाइम वॉरंटी. मे २०१० मध्ये तिने ग्राफिक्स कार्डांचा धंदा सोडल्याचं जाहीर केलं, पण त्याच दमात सांगितलं की जुन्या ग्राहकांना सेवा मिळत राहील. लोक निर्धास्त राहिले. ऑगस्टमध्ये कंपनीने गाशाच गुंडाळला. दुरुस्तीसाठी पाठवलेली कार्डं लोकांच्या घरी जशीच्या तशी परत आली, सोबत एक पत्र: कंपनी बंद होते आहे, वॉरंटी पाळता येणार नाही. बिघडलेलं कार्ड पाठवायचा खर्चही तुमचा आणि परत आलेलं कार्डही बिघडलेलंच. 'लाइफटाइम' म्हणजे कोणाचं आयुष्य, हे त्या दिवशी कळलं.

इथे एक गोष्ट आठवते. त्याच्या आदल्याच वर्षी, मार्च २००९ मध्ये, जनरल मोटर्स आणि क्रायसलर डबघाईला आल्या तेव्हा अमेरिकी सरकारने जाहीर केलं होतं की त्यांच्या गाड्यांच्या वॉरंटीमागे आम्ही उभे आहोत. लोकांनी गाड्या घेणं थांबवू नये म्हणून. ग्राफिक्स कार्डामागे कोण उभं राहणार?

दुसरी ओसीझेड, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेची. आधी रॅम विकायची, २०११ मध्ये ते सोडून सगळा जोर एसएसडीवर, म्हणजे फाइली साठवणाऱ्या चिपच्या ड्राइव्हवर, लावला. स्वस्त आणि वेगवान ड्राइव्ह, पण काही मालिका अचानक बंद पडण्याबद्दल बदनाम. २०१२ मध्ये प्रमुख रायन पीटरसन पायउतार झाले, हिशेब पुन्हा तपासून मांडावे लागले. नोव्हेंबर २०१३ मध्ये कर्ज देणाऱ्या हर्क्युलिसने कंपनीच्या बँक खात्यांचा ताबा घेतला. तारण असणारा आधी हात मारतो म्हटलं, ते हेच. डिसेंबरमध्ये दिवाळखोरीचा अर्ज गेला. तोशिबाने ३.५ कोटी डॉलरला मालमत्ता घेतली आणि जानेवारी २०१४ मध्ये व्यवहार पुरा झाला.

या दोन महिन्यांत ग्राहकाची अवस्था मधल्यामधे लटकल्यासारखी होती. दिवाळखोरीतल्या विक्रीत घेणारा कारखाना, माणसं, पेटंट उचलतो. देणी कोणती उचलायची ते तोच ठरवतो. वॉरंटी उचललीच पाहिजे असं बंधन त्याच्यावर नसतं. तोशिबाला मात्र ओसीझेड हे नाव पुढे विकायचं होतं, त्यामुळे जुन्या ग्राहकांना लाथाडणं परवडणार नव्हतं. एसएसडींची वॉरंटी नव्या कंपनीने पुढे चालू ठेवली. शिवाय २०१४ मध्येच नव्या ड्राइव्हवर अशी योजना आणली की बिल नसलं तरी चालेल, सिरियल नंबर पुरे, आणि बदली ड्राइव्ह आधी घरी येईल. विश्वास गमावलेल्या नावाला पुन्हा बाजारात आणायचं तर असंच करावं लागतं. पुढे ओसीझेड तोशिबात विरघळली आणि २०१९ मध्ये तोशिबाच्या मेमरी धंद्याचं नाव किऑक्सिया झालं. पॉवर सप्लायचा धंदा मात्र वेगळा विकला गेला, फायरपॉवर टेक्नॉलॉजीला. एकाच कंपनीची एसएसडी एका घरी, पॉवर सप्लाय दुसऱ्या घरी. तुमच्या हातातला माल कोणत्या घरी गेला, यावर तुमचं नशीब.

एसएसडीवाल्यांसाठी एक गोष्ट राहिलीच. वॉरंटीत ड्राइव्ह बदलून मिळते, त्यातले फोटो मिळत नाहीत. कंपनी जिवंत असली तरीही.

तिसरी ईव्हीजीए, तीही कॅलिफोर्नियाची. तांत्रिकदृष्ट्या ही बुडाली नाहीच. सप्टेंबर २०२२ मध्ये प्रमुख अँड्र्यू हान यांनी एनव्हिडियाशी संबंध तोडले आणि ग्राफिक्स कार्डं बनवणं थांबवलं. कंपनीच्या उलाढालीतला जवळपास ८० टक्के वाटा कार्डांचा होता, म्हणजे स्वतःहून मोठा पाय कापून घेतला. पण विकलेल्या कार्डांची वॉरंटी पाळू, बदली देण्यासाठी '३०' या मालिकेतल्या कार्डांचा साठा बाजूला ठेवू, असं सांगितलं आणि पॉवर सप्लायचा धंदा चालू ठेवला. खिशात पैसे असताना दुकान बंद करणारा आणि कर्ज डोक्यावर घेऊन बंद करणारा यांत हाच फरक.

आता तिन्ही शेजारी ठेवा. वॉरंटीचा आकडा सर्वांत मोठा बीएफजीचा आणि हाती सर्वांत कमी तिच्याच ग्राहकांच्या लागलं. ओसीझेडच्या ग्राहकांना तारलं ते विकत घेणाऱ्याच्या स्वार्थाने, आणि विकत घेण्यासारखं काही शिल्लक होतं म्हणून: स्वतःचं तंत्रज्ञान, ड्राइव्ह चालवणाऱ्या कंट्रोलर चिपचं स्वतःचं डिझाइन. बीएफजीकडे दुसऱ्याच्या चिपवर चढवलेलं स्टिकर होतं, ते कोण घेणार? मला विचाराल तर निवड करताना हा प्रश्न सर्वांत कामाचा: ही कंपनी उद्या विकायला निघाली तर कोणाला हवीशी वाटेल का?

माल कुठे घेतला, हेही तितकंच महत्त्वाचं. युरोपीय संघात सदोष मालाची जबाबदारी किमान दोन वर्षं विक्रेत्यावर असते, त्यामुळे बनवणारा उठला तरी दुकान तुमच्या हातात राहतं. ब्रिटनमध्ये १०० पौंडांवरची खरेदी क्रेडिट कार्डावर केली तर कार्ड देणाऱ्या बँकेवरही दावा लावता येतो. लंडन किंवा म्युनिकमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी हे लक्षात ठेवावं. उलट अमेरिकेहून येणाऱ्या भावाच्या बॅगेतून आलेलं कार्ड पुण्यात बिघडलं, तर कंपनी ठणठणीत असूनही बहुतेक वेळा ते तिकडेच पाठवावं लागतं. आपल्याकडे लॅमिंग्टन रोडवर किंवा तपकीर गल्लीत घेतलेल्या मालाची वॉरंटी प्रत्यक्षात डिस्ट्रिब्युटर चालवतो. त्यामुळे इथे दोघांची तब्येत बघावी लागते, कंपनीचीही आणि डिस्ट्रिब्युटरचीही.

तर मी काय घेईन? वरच्या दोन कार्डांत तीन वर्षांचं. दोन हजार जास्त देऊन. ग्राफिक्स कार्ड सहसा पहिल्या वर्षात तरी बोंबलतं, नाहीतर चार-पाच वर्षं चालून जुनं होतं. सहाव्या ते दहाव्या वर्षांची वॉरंटी म्हणजे ज्या कार्डाला तुम्ही तोवर कपाटात टाकलेलं असेल त्याची हमी. पैसे भरून वॉरंटी वाढवायची योजना तर मी लहान कंपनीची कधीच घेणार नाही, कारण ती उधारी वाढवणं आहे, तीही आगाऊ पैसे देऊन. पॉवर सप्लायचं गणित थोडं वेगळं. तो खरोखर दहा वर्षं चालतो, तिथे लांब वॉरंटीला अर्थ आहे, पण कंपनी दमदार हवी. आणि दोन्ही कंपन्या सारख्याच दमाच्या असतील, तर खुशाल दहा वर्षांचं घ्या.

घेतलंत की बिल आणि सिरियल नंबरचं स्टिकर, दोन्हींचा फोटो त्याच दिवशी काढा. दुकानातलं थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात कोरं होतं. आणि पैसे देण्याआधी काउंटरवर एकच विचारा: "कंपनी उठली तर हे कोणाकडे आणायचं?" "माझ्याकडे आणा की," असं उत्तर आलं, तर तेवढं बिलाच्या मागे सही-शिक्क्यासह लिहून मागा आणि दुकानदाराच्या चेहऱ्याकडे बघा.