आठ महिने भाजी थोडी-थोडी, ताजी घेऊन पाहिली: वापरानंतरचा अनुभव

आठवड्याची भाजी एकदम भरून ठेवायची सवय आठ महिन्यांपूर्वी सोडली आणि दोन-तीन दिवसांनी लागेल तेवढीच घ्यायला लागले. आवडीच्या भाज्या तेव्हाही ठरलेल्या होत्या. यादी आजही तीच आहे, क्रम मात्र पार उलटापालटा झालाय.

पहिला नंबर आता भेंडीचा. चवीमुळे आहेच, पण त्याहून जास्त म्हणजे भेंडीला खोटं बोलता येत नाही. टोक कटकन मोडलं तर कोवळी, नुसतंच वाकलं तर जून. (विकणाऱ्याच्या डोळ्यांदेखत दहा-दहा टोकं मोडायची नसतात, हे मला जरा उशिरा कळलं. दोन मोडून अंदाज घ्यायचा, बाकीच्या बोटाएवढ्या बघून उचलायच्या.) धुऊन ठेवली की चिकट झालीच म्हणून समजा. मी कोरडीच कागदात गुंडाळते, तरी तीन दिवसांपुढे तिची खात्री देणार नाही.

पालक पूर्वी पहिला होता. जीव अजूनही त्याच्यावरच आहे, पण घ्यायला इतकी कटकटीची भाजी दुसरी नाही. जुडी टवटवीत दिसते ती मुळात ताजी म्हणून की आत्ताच पाणी मारलंय म्हणून, हे वरून ओळखू येत नाही. मी आता जुडी बांधलेली असते तिथेच बोट घालून पाने बाजूला करते. आतली काळपट, बुळबुळीत लागली की सरळ खाली ठेवते. एकदा चांगली निवडलेली जुडी पिकल्या टोमॅटोंशेजारी ठेवली आणि दोन दिवसांत पिवळी पडली. पिकलेला टोमॅटो इथिलीन वायू सोडतो आणि पालेभाजी त्याने लवकर पिवळी पडते. तेव्हापासून दोघांची ताटातूट.

त्या टोमॅटोंच्या बाबतीतही चूक माझीच होती. पहिले चार महिने सगळे फ्रिजमध्ये कोंबत होते आणि बेचव निघाले की विकणाऱ्याला नावं ठेवत होते. गारठ्यात टोमॅटोचा वास आणि चव दोन्ही उतरतात. आता कच्चट असलेले बाहेरच पिकू देते, अगदी मऊ व्हायला लागले तरच आत.

मटारने माझी चांगलीच जिरवली. शेंग तोडल्यापासून दाण्यातली साखर कमी होऊन स्टार्च वाढायला लागतो, त्यामुळे चार दिवस फिरून आलेली शेंग हिरवीगार दिसली तरी दाणा पिठूळ. फ्रोझन मटार तोडणीनंतर लवकरच उकळत्या पाण्यातून काढून गोठवलेले असतात आणि गोडीला अशा शेंगांपेक्षा सरस निघतात. ‘ताजं ते ताजंच’ म्हणणाऱ्या मला हे कबूल करायला दोन महिने लागले.

गाजराबद्दल तक्रार नाही. पाल्यासकट घेतलं तर घरी आल्या-आल्या पाला तोडायचा, नाहीतर तो गाजरातलं पाणी ओढत राहतो. एवढं केलं की निवांत टिकतं.

राहिलं वांगं. देठ हिरवा, साल चकचकीत, हाताला हलकं, सगळं बघून घेतलं तरी कापल्यावर आत बियाच बिया निघाल्याचं माझ्या बाबतीत तीनदा झालंय. तूर्तास बंद.