बीईआरचा ग्राफ कशात काढायचा: मॅटलॅब, ऑक्टेव्ह, पायथॉन की जीएनयू रेडिओ?

मार्च सरला की नागपुरातल्या ईटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) पोरांचे फोन सुरू होतात. "सर, डिजिटल कम्युनिकेशनचं सिम्युलेशन आहे सेमिनारला. मॅटलॅबच करा लागते का?" काम म्हणजे सिग्नलमध्ये नॉइज (गोंगाट) मिसळून किती बिट चुकतात ते मोजायचं आणि त्या प्रमाणाचा, म्हणजे बीईआरचा (बिट एरर रेट), ग्राफ काढायचा. ग्रुपमध्ये चौघं, हातात दोन-तीन आठवडे, आणि चौघांपैकी एकाचाच लॅपटॉप धड चालणारा. मी उलट विचारतो, परीक्षकानं मध्येच थांबवून "हा नॉइज किती टाकला?" असं विचारलं तर उत्तर कोण देणार? सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं ते माझ्या मते यावरच ठरतं.

दिसायला मॅटलॅबच्या जोडीचं सिम्युलिंक सगळ्यांत देखणं. बिट तयार करणारा ब्लॉक, मॉड्युलेटर, नॉइजचं चॅनल, डिमॉड्युलेटर, शेवटी चुका मोजणारा ब्लॉक. बाणांनी जोडलं की अर्ध्या तासात सिस्टीम उभी. पडद्यावर कॉन्स्टेलेशनचे (सिम्बॉलच्या नकाशाचे) चार ठिपके पसरायला लागले की मागच्या बाकावरची पोरंही मान वर करतात. अडचण अशी की ब्लॉकच्या पोटात काय आहे ते पोरं उघडून बघत नाहीत.

मागे एका ग्रुपचं मॉडेल मी स्वतः तपासलं होतं आणि ठीक म्हणून सोडलं होतं. क्यूपीएसके होतं, म्हणजे एका सिम्बॉलमध्ये (एका वेळी पाठवलेल्या सिग्नलमध्ये) दोन बिट. नॉइजच्या ब्लॉकमध्ये एका सिम्बॉलमागे किती बिट, ही चौकट असते. तिथे आधीपासून असलेला १ तसाच राहिला, खरं तर २ हवा होता. परिणाम म्हणजे अख्खा ग्राफ ३ डीबी, म्हणजे दुपटीइतका, उजवीकडे सरकला. ईबी बाय एन-झिरो (बिटाची ऊर्जा भागिले नॉइजची घनता) ८ डीबी असताना दर लाख बिटांत साधारण १९ चुकायला हवेत, यांचे ६०० च्या आसपास चुकत होते. परीक्षकांनी थिअरीची रेघ शेजारी काढायला लावली आणि विचारलं, "तीन डीबी कुठे गेले?" चौघंही माझ्याकडे बघू लागले. मीही छताकडे बघितलं.

हीच चूक ऑक्टेव्हमध्ये (मॅटलॅबसारखंच, पण ओळी लिहून चालवायचं) किंवा पायथॉनमध्ये होत नाही का? होते, सर्रास होते. बीपीएसकेसाठी (एका सिम्बॉलमध्ये एकच बिट) नॉइजचा व्हेरियन्स एन-झिरोचा निम्मा घ्यायचा असतो, तो निम्मा करायचा राहिला की तेच ३ डीबी जातात. फरक इतकाच की इथे ती ओळ तुम्ही स्वतःच्या हातानं लिहिलेली असते. बोट ठेवून दाखवता येते, परीक्षकासमोर दुरुस्तही करता येते. संपूर्ण बीपीएसकेचा प्रोग्राम वीसेक ओळींत मावतो: बिट काढा, शून्याचा उणे एक करा, नॉइज मिळवा, चिन्ह बघा, चुका मोजा.

आता ऑक्टेव्ह की पायथॉन? गाईडकडे जुना मॅटलॅबचा कोड असेल तर ऑक्टेव्ह. फुकट आहे, नेट लागत नाही, आणि साधा कोड बहुतेक वेळा जसाच्या तसा चालतो. मॉड्युलेशनची तयार फंक्शन्स वापरणार असाल तर कम्युनिकेशन्सचं पॅकेज आधी बसवून सुरुवातीला लोड करावं लागतं. ते विसरलात की "अनडिफाइंड" असा शेरा येतो आणि रात्री अकराला मला फोन येतो. सिम्युलिंकसारखं काही मात्र त्यात नाही. पायथॉनमध्ये नमपाय (आकडेमोडीला) आणि मॅटप्लॉटलिब (ग्राफला) एवढ्यावर काम भागतं, ग्राफ जास्त सुबक येतात, आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीतही ते कामी येतं. लॅपटॉप अगदीच जुना असेल तर गूगलच्या कोलॅबवर ब्राउझरमध्ये चालवा, पण सेमिनार हॉलमधल्या वायफायवर विसंबू नका.

दोन्हीकडे एक खड्डा सारखाच. पोरं एक लाख बिट घेतात आणि ग्राफ १० डीबीपर्यंत नेतात. १० डीबीला बीपीएसकेचा बीईआर जवळपास दहा लाखांत चार असतो. म्हणजे एक लाख बिटांत बहुधा एकही चूक सापडणार नाही, शून्याचा लॉग निघत नाही, आणि रेघ मध्येच तुटते. "सर, १० डीबीला एररच नाही येत" असं अभिमानानं सांगणारेही भेटले. एक कोटी बिट घ्या, तेव्हा चाळीसेक चुका हाती लागतात. मेमरी पुरत नसेल तर दहा-दहा लाखांचे हप्ते पाडा. बिटागणिक फॉर लूप लावला असेल तर मात्र ऑक्टेव्ह आणि पायथॉन दोघंही रडवतील. अख्खी ॲरे एकदम हाताळा.

सायलॅबही आहे, मॅटलॅबसारखंच आणखी एक फुकट सॉफ्टवेअर. आयआयटी मुंबईच्या फॉसी या प्रकल्पानं त्यावर पुष्कळ साहित्य करून ठेवलंय, गाईडचा आग्रह असेल तर हरकत नाही. मी स्वतःहून सुचवत नाही.

जीएनयू रेडिओचं प्रकरण वेगळं. त्यात सिम्युलिंकसारखेच ब्लॉक जोडायचे असतात, सॉफ्टवेअर फुकट आहे, पण नुसता बीईआरचा ग्राफ काढायला ते घेणं म्हणजे संत्रं सोलायला कुऱ्हाड. शिवाय हार्डवेअर नसलेल्या फ्लोग्राफमध्ये (ब्लॉकांच्या जोडणीत) थ्रॉटल म्हणजे वेग आवरणारा ब्लॉक टाकला नाही तर प्रोसेसर पूर्ण ताकदीनं पळतो, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात लॅपटॉपचा पंखा कूलरशी स्पर्धा करतो. त्याची खरी गंमत आरटीएल-एसडीआरचा डोंगल (यूएसबीला लावायचा रेडिओ रिसीव्हर) लावल्यावर.

आणि इथे नागपूर फायद्यात आहे. देशाच्या मधोमध असल्यानं आपल्या डोक्यावरून दिवसभर विमानं जातात, सोनेगावला (आपल्या विमानतळावर) न उतरणारीही. ती १०९० मेगाहर्ट्झवर आपली ओळख, उंची, जागा सांगत असतात, आणि तो सिग्नल डिजिटल आहे: पल्स पोझिशन मॉड्युलेशन, दर बिटाला एक मायक्रोसेकंद. पल्स पहिल्या अर्ध्यात असेल तर १, दुसऱ्या अर्ध्यात असेल तर ०. सुरुवातीला ८ मायक्रोसेकंदांची चार पल्सांची खूण, मग ११२ बिट, त्यातले शेवटचे २४ चूक तपासण्यासाठी. सेकंदाला २० लाख सॅम्पल घेतले तरी बिटामागे दोन मिळतात. अँटेना म्हणून ६.९ सेंटिमीटरची तार पुरते, ती पाव तरंगलांबी झाली. एका ग्रुपनं गच्चीवर बसून रेकॉर्ड केलेल्या फाइलमधून एकच संदेश काढला, पल्स एकेक करून पडद्यावर वाचून दाखवल्या. पंधरा मिनिटांच्या सादरीकरणात दहा मिनिटं तीच एक आकृती होती, आणि कोणी घड्याळ बघितलं नाही. पण त्यांनी दीड महिना घातला होता, पहिला आठवडा तर नुसता ड्रायव्हर बसवण्यात गेला. डोंगल विभागाकडून, गाईडला सांगूनच घ्या. हवेत काही सोडायच्या भानगडीत पडू नका, प्रक्षेपणाला परवाना लागतो.

तर दोन-तीन आठवडे असतील तर पायथॉन. घरी नेट नसेल किंवा मॅटलॅबचा कोड हाताशी असेल तर ऑक्टेव्ह. कॉलेजकडे मॅटलॅबचं लायसन्स असेल आणि चौघांपैकी एकानं तरी प्रत्येक ब्लॉकची प्रत्येक चौकट वाचली असेल तर सिम्युलिंक खुशाल घ्या. जीएनयू रेडिओ दीड महिना आणि हट्टी मित्र असतील तरच. काहीही घेतलंत तरी थिअरीची रेघ त्याच ग्राफवर काढा, चित्रं पेन ड्राइव्हवर वेगळी ठेवा, आणि पिवळा रंग वापरू नका. दुपारी दोन वाजता पडद्यावर ऊन आलं की तो दिसत नाही.