अठ्ठेचाळीस टेराबाइटची एक्सएफएस : एका लगीनसराईनंतरचा अनुभव

बेळगावातील आमच्या स्टुडिओत लग्नांचे चित्रीकरण आता बहुतेक फोर-केमध्येच होते आणि खानापूर, निपाणी, चिकोडीकडची कामे धरली तर सुट्या हार्ड डिस्कचा ढीग आवरेनासा होतो. म्हणून तुळशीच्या लग्नाच्या सुमारास ८ टेराबाइटच्या ८ डिस्क एका लिनक्स सर्व्हरमध्ये बसवून त्यांचे सॉफ्टवेअर रेड ६ (दोन डिस्क बिघडल्या तरी माहिती टिकवणारी जोडणी) केले आणि त्यावर एकच एक्सएफएस फाइल सिस्टम (डिस्कवर फाइली मांडण्याची व्यवस्था) उभारली. सराई संपेपर्यंत ती रोजच्या कामात होती.

रेड ६ मध्ये दोन डिस्कइतकी जागा पॅरिटीला (हरवलेली माहिती परत काढण्यासाठीच्या जादा नोंदीला) जाते, त्यामुळे ६४ पैकी ४८ टेराबाइट हाती राहतात. डिस्कवरची जागा सांगणारी डीएफ आज्ञा मात्र ४४च दाखवते, कारण डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि ती १०२४च्या. भागीदाराला हे पटवताना माझा चहा गार झाला.

लिनक्सवरच्या ईएक्सटी४ या दुसऱ्या फाइल सिस्टमचा विचार केला होता. तिची जुनी साधने १६ टेबीबाइटपाशी (१०२४च्या पटीत मोजलेले टेराबाइट) अडत, नवी अडत नाहीत. पण ती मुळात ५ टक्के जागा रूटसाठी (सर्व्हरच्या मुख्य वापरकर्त्यासाठी) राखून ठेवते, म्हणजे येथे सुमारे २.४ टेराबाइट. ही टक्केवारी कमी करता येते हे खरे. तरीही मोठमोठ्या व्हिडिओ फाइलींसाठी मला एक्सएफएस अधिक भरवशाची वाटली. ती वाढवता येते, लहान करणे मात्र जवळपास अशक्य, त्यामुळे डिस्कची संख्या आधीच विचारपूर्वक ठरवावी.

फॉरमॅट काही सेकंदांत झाले. लॉगचे (फाइल सिस्टममधील बदलांच्या नोंदीचे) स्ट्राइप युनिट, म्हणजे एका डिस्कवर सलग लिहायचा तुकडा, ५१२ किलोबाइट, म्हणजे कमाल २५६च्या वर असल्याने ते ३२ किलोबाइट केल्याची सूचना तेवढी आली. रेड उभारणाऱ्या एमडीएडीएम या साधनाचा मूळ चंक, म्हणजे असाच तुकडा, ५१२चा असल्यामुळे ती येतेच; घाबरण्याचे कारण नाही.

खरी परीक्षा वैशाखात झाली. ऐन गर्दीत एक डिस्क खराब सेक्टर दाखवू लागली, म्हणून ती बदलली. एडिटिंग सुरूच असल्याने पुनर्बांधणीचा (नव्या डिस्कवर माहिती पुन्हा भरण्याचा) आकडा रेडची स्थिती दाखवणाऱ्या एमडीस्टॅटमध्ये हलेचना. इतर काम चालू असताना कर्नल (लिनक्सचा गाभा) पुनर्बांधणीला मागे सारतो आणि किमान वेगाची मूळ मर्यादा सेकंदाला फक्त १००० किलोबाइट असते. त्या वेगाने ८ टेराबाइटला तीन महिने लागतील. ती मर्यादा ५०,०००वर नेली, की हिशेब पावणेदोन दिवसांवर येतो. एडिटिंग थोडे अडखळले, पण ते परवडले. एकाच डिस्कचा बिघाड सोसणारे रेड ५ असते, तर तेवढा वेळ एकाही डिस्कची सवलत उरली नसती. अनेक साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात सुमारे १२.५ टेराबाइट वाचनामागे एका न वाचता येणाऱ्या सेक्टरची शक्यता दिलेली असते आणि अशा पुनर्बांधणीत उरलेल्या सात डिस्कवरून ५६ टेराबाइट वाचावे लागतात. प्रत्यक्षात त्रुटी त्या प्रमाणात येत नाहीत, पण ग्राहकाच्या लग्नावर तो जुगार मी खेळणार नाही.

आणखी एक अडचण आपल्या भागात हमखास येईल. विंडोजवर फोल्डरच्या नावाची मर्यादा २५५ चिन्हांची, तर लिनक्सवर २५५ बाइटची असते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरी आणि कन्नड दोन्ही लिप्यांचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि ‘श्री’ हे एकच अक्षर चार चिन्हांचे, म्हणजे १२ बाइटचे असते. पत्रिकेवरची चि. आणि चि. सौ. कां. सकट पूर्ण नावे दोन्ही लिप्यांत लिहिलेली फोल्डरे सर्व्हरने नाकारली. आता फोल्डरला तारीख, गाव आणि दोन आडनावे एवढेच देतो. बाकी मजकूर आत एका टेक्स्ट फाइलमध्ये असतो.

पावसाळ्यात वीज जाते, त्यामुळे यूपीएसने सर्व्हर आपोआप बंद करण्याची सोय पहिल्या दिवसापासून आहे. एक्सएफएसचे जर्नल (म्हणजे वरचा लॉग) फाइल सिस्टमची रचना सावरते, अर्धवट कॉपी झालेली फाइल नव्हे. चेकसमही (माहिती बिघडली का हे ओळखणारे आकडे) ती केवळ मेटाडेटाचे, म्हणजे फाइलींची नावे, जागा अशा नोंदींचे ठेवते. म्हणून कार्डावरून उतरवलेल्या प्रत्येक फाइलचा चेकसम आम्ही वेगळा नोंदवतो आणि ग्राहकाला अल्बम सोपवेपर्यंत दुसरी प्रत निराळ्या डिस्कवर, निराळ्या इमारतीत ठेवतो.