एक थर्मामीटर, दोन मापे

कपाळासमोर धरून ताप पाहण्याचा जो इन्फ्रारेड थर्मामीटर आम्ही गेले काही महिने घरात वापरत आहोत, त्यावर सेल्सिअस आणि फॅरनहाइट यांपैकी हवे ते माप निवडण्याची सोय आहे. माझे समाधान आणि तक्रार ही दोन्ही त्या एका बटणापाशीच येऊन थांबतात.

ताप पाहताना मी फॅरनहाइट लावतो. या मापाचा अंश सेल्सिअसच्या अंशाच्या जेमतेम निम्म्याहून थोडा मोठा असल्यामुळे ताप १०१ वरून ९९ वर उतरला, हे पूर्णांकांतच कळते. सेल्सिअसमध्ये हाच उतार ३८.३ वरून ३७.२ असा दिसतो, आणि मध्यरात्री अर्धवट झोपेत दशांश चिन्हापुढचा आकडा ध्यानात ठेवणे मला तरी जमत नाही. मात्र अंश बारीक असला म्हणून मोजणी अधिक अचूक ठरत नाही. माहितीपत्रकात ±०.२ अंश सेल्सिअस एवढी चूक मान्य केलेली आहे, म्हणजे फॅरनहाइटमध्ये जवळपास ±०.४, तेव्हा ९९.४ चे ९९.७ झाले म्हणून घाबरण्यात अर्थ नाही. निरोगी शरीराचा म्हणून सर्वांना पाठ असलेला ९८.६ हा आकडादेखील ३७ अंश सेल्सिअस या ढोबळ सरासरीचे रूपांतर आहे, त्यामुळे त्यातल्या दशांशाला फार मान देऊ नये.

पाण्याचे किंवा भांड्याचे तापमान पाहायचे असेल, तर मात्र सेल्सिअसच सरस वाटते, कारण शून्याला गोठणे आणि शंभराला उकळणे या खुणांच्या मध्ये कोणताही आकडा चटकन बसवता येतो. ३२ आणि २१२ यांच्यामध्ये तसे होत नाही. (अंडर्स सेल्सिअस यांनी १७४२ साली मांडलेल्या मूळ मापात उकळबिंदू शून्य आणि गोठणबिंदू शंभर होता. ते पुढे उलटवले गेले नसते, तर ताप चढताना आकडा उतरताना पाहावा लागला असता.)

तक्रार अशी की, एकदा निवडलेले माप शरीर आणि वस्तू या दोन्ही मोजण्यांना लागू होते. तापाला फॅरनहाइट आणि पाण्याला सेल्सिअस असे वेगवेगळे ठरवून ठेवता येत नाही. शिवाय मापाचे अक्षर पडद्याच्या कोपऱ्यात इतके बारीक आहे की, एकदा अंघोळीच्या पाण्याचे १०४ वाचून मी हात मागे घेतला. प्रत्यक्षात ते ४० अंश सेल्सिअस, म्हणजे सोसवेल असे कोमट होते. आता थर्मामीटर हाती घेतला की आकड्याआधी ते अक्षर शोधतो.