प्रॉक्समॉक्सच्या टर्मिनलवर: क्यूएम की पीव्हीईएसएच?

प्रॉक्समॉक्स म्हणजे सर्व्हरवर अनेक व्हीएम (आभासी संगणक) चालवणारी प्रणाली; तिला टर्मिनलवरून हुकूम द्यायला क्यूएम (qm) आणि पीव्हीईएसएच (pvesh) या दोन कमांड आहेत. एकाच सर्व्हरवर काम असेल तर मी डोळे झाकून क्यूएम वापरतो. '१०१ नंबरच्या व्हीएमला ४०९६ एमबी मेमरी दे' एवढं एका ओळीत सांगायचं, की झालं. चालू व्हीएमवर मेमरीचा बदल सहसा लगेच लागत नाही, प्रलंबित राहतो. 'क्यूएम पेंडिंग' म्हटलं की दिसतो.

पण क्लस्टर (एकत्र जोडलेले अनेक सर्व्हर, त्यातला प्रत्येक म्हणजे एक नोड) आला की क्यूएम अडतं. ते फक्त त्याच नोडवरच्या व्हीएमना ओळखतं. व्हीएम शेजारच्या नोडवर असेल, तर कॉन्फिगरेशन फाइलच सापडत नाही म्हणून हात वर करतं. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला वाटलं व्हीएम उडालं! ते निवांत दुसऱ्या नोडवर चालू होतं.

पीव्हीईएसएच थेट एपीआयशी (प्रोग्रॅमना प्रॉक्समॉक्सशी बोलायची सोय) बोलतं. नोड, मग क्यूईएमयू (qemu), मग व्हीएमचा नंबर, मग कॉन्फिग असा लांबलचक मार्ग टाईप करावा लागतो, बोटं दुखतात. पण नोड कुठलाही चालतो, आणि उत्तर जेसनमध्ये (प्रोग्रॅमला सहज वाचता येईल अशा मांडणीत) मागता येतं. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला आणखी काय हवं? शिवाय वेब इंटरफेसही हाच एपीआय वापरतो, त्यामुळे तिथल्या बहुतेक सेटिंग्ज इथून हलवता येतात. दोन्ही कमांड रूटनेच (सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याने) चालवायच्या, हे मात्र विसरू नका.